पहिल्या शस्त्रक्रियेआधी: यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाचे दुर्मीळ आजार झालेल्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंड यांच्या दुर्मीळ आजारांत पहिली शस्त्रक्रिया हीच सगळ्यात चांगली संधी असते. पित्तनलिका यकृतातून निघते, स्वादुपिंडाच्या डोक्याला भेदून खाली उतरते आणि बहुतेकांमध्ये स्वादुपिंडाच्या नलिकेबरोबर एकाच तोंडाने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. तिच्या मागे यकृताला रक्त पुरवणारी पोर्टल शीर असते आणि शेजारी यकृताची धमनी. एवढ्याशा जागेत एकदा हात घातला की उती एकमेकींना चिकटतात. दुसऱ्यांदा पोट उघडणाऱ्या सर्जनला आधी वाट शोधावी लागते, मग आजार. म्हणून या लेखाचा मोठा भाग शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. निर्णय तिथेच होतात आणि चुकतातही तिथेच.

पहिली पायरी: घाई कशाची आणि सबुरी कशाची

बहुतेक रुग्णांकडे नीट तपासण्या करायला आणि दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे असतात. सोनोग्राफीत ‘गाठ’ हा शब्द वाचून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घ्यायची गरज सहसा नसते. काही प्रसंग मात्र याला अपवाद आहेत.

कावीळ आणि हुडहुडी भरून ताप आला, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता धरायची आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सोबत पोटात दुखत असेल, रक्तदाब घसरला असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर तासांचा हिशेब असतो. तुंबलेलं पित्त तातडीने बाहेर काढावं लागतं. मूळ आजाराचा विचार त्यानंतर.

दुसरा अपवाद तान्ह्या बाळांचा आहे आणि त्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. बिलिअरी अट्रेझिया या आजारात बाळाच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका सुकून बंद होतात. बाळ बाहेरून छान दिसतं, दूध पितं, वजनही काही काळ वाढतं. नवजात बाळांना कावीळ होतेच, हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे घरचे आणि कधीकधी डॉक्टरही वाट पाहत राहतात. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळे असतील, शी पांढुरकी, खडूसारखी किंवा मातकट होत असेल आणि लघवी गडद पिवळी असेल, तर रक्तातलं ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन (कावीळ आणणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचा एक प्रकार) तपासायलाच हवं. फक्त एकूण बिलिरुबिनचा आकडा पुरत नाही, कारण साध्या काविळीत आणि या आजारात फरक दाखवतो तो डायरेक्ट भाग.

जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५५ साली या आजारावर एक शस्त्रक्रिया केली. त्यात सुकलेल्या नलिका काढून यकृताच्या दाराशी थेट लहान आतड्याचा भाग जोडतात. आजही पहिला उपाय हाच आहे. साधारण ६० दिवसांच्या आत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते. बाळाचं वय वाढत जातं तशी ती कमी होते आणि तीन महिन्यांनंतर बरीच घटते. अनेक मुलांना पुढे कधीतरी यकृत प्रत्यारोपण लागतं, तरी कासाई शस्त्रक्रियेने मिळालेली वर्षं बाळाला वाढायला उपयोगी पडतात. तैवानने २००४ पासून देशभरातल्या पालकांना शीच्या रंगाचं कार्ड द्यायला सुरुवात केली, त्यानंतर बाळं लवकर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू लागली. एका छापील कागदाने हे साधलं. लंगोट बदलताना रंगाकडे बघायची सवय प्रत्येक घरात लागावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: आधी चित्र, मग हस्तक्षेप

कावीळ झालेल्या मोठ्या माणसाच्या बाबतीत एक क्रम फार वेळा उलटा होतो. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसते, लगेच एंडोस्कोपीने स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला जातो आणि मग सीटी स्कॅन होतो. तोवर स्टेंटमुळे नलिकेभोवती सूज आलेली असते. गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे धूसर होतं. संसर्ग नसेल तर आधी सीटी आणि एमआरसीपी पूर्ण करून घ्यायचं. एमआरसीपी म्हणजे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका यांचा एमआरआयवर काढलेला नकाशा. त्यात काही टोचावं किंवा आत घालावं लागत नाही.

सीटीबद्दल एक बारकावा. साधा पोटाचा सीटी इथे कमी पडतो. शिरेतून औषध देऊन वेगवेगळ्या वेळी चित्रं घ्यावी लागतात, कारण काही गाठी धमनीतलं रक्त येताना उजळतात आणि काही नंतर. डॉक्टरांना विचारा, ‘हा सीटी यकृत-स्वादुपिंडासाठी वेगळ्या टप्प्यांत घेतलेला आहे का?’ लहान गाठींसाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे जठरात दुर्बीण उतरवून आतून केलेली सोनोग्राफी, फार उपयोगी पडते.

फक्त छापील रिपोर्ट जवळ ठेवून भागत नाही. मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. दुसरं मत देणारा सर्जन रिपोर्टचे शब्द वाचून निर्णय घेत नाही, तो स्वतः चित्रं पाहतो.

स्टेंट शस्त्रक्रियेआधी टाकायचाच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या कर्करोगामुळे कावीळ झालेल्या रुग्णांपैकी आधी स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्या गटात गंभीर गुंतागुंत ७४ टक्के रुग्णांना झाली, थेट लवकर ऑपरेशन केलेल्या गटात ३९ टक्के रुग्णांना. या अभ्यासात बिलिरुबिन अतिशय वाढलेले रुग्ण नव्हते. संसर्ग झाला असेल, कावीळ फार चढली असेल, आधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा यकृताचा मोठा भाग काढायचा असेल, तर पित्ताला वाट करून द्यावी लागते. केवळ तारीख लांबची मिळाली म्हणून स्टेंट टाकला जात असेल, तर तारीखच लवकरची मिळते का हे आधी पाहावं.

सीए १९-९ या कर्करोगाची शंका तपासणाऱ्या रक्ततपासणीच्या आकड्याने घाबरून जाऊ नका. नुसत्या काविळीनेही तो खूप वाढतो. काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, त्यांचा आकडा कर्करोग असूनही सामान्य येतो. पित्त मोकळं झाल्यावर पुन्हा तपासलेल्या आकड्याला जास्त अर्थ असतो.

तिसरी पायरी: आजाराचं नेमकं नाव लिहून घ्या

‘लिव्हरमध्ये गाठ’ हे काही नाव झालं नाही. या अवयवांत अशा अनेक गाठी होतात ज्यांना कधीच हात लावायचा नसतो. यकृतातला हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुच्छ, मोठा असला तरी बहुधा तसाच ठेवतात. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, म्हणजे यकृताच्याच पेशींची एक गाठ, निरुपद्रवी असतो. स्वादुपिंडातला सीरस सिस्टअ‍ॅडेनोमा, म्हणजे पाण्याने भरलेली साधी गाठ, त्रास देत नसेल तर काढत नाहीत. ऑटोइम्यून पॅन्क्रिएटायटिस (शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडाला आणलेली सूज) आणि त्याचाच भाऊबंद असलेला पित्तनलिकेचा आयजीजी-४ आजार तर हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनी विरघळतो. कर्करोगाची शंका असलेल्या अरुंद पित्तनलिकेत आयजीजी-४ ची (रक्तातल्या एका प्रतिपिंडाची) तपासणी झाली आहे का, हे विचारून ठेवा. त्यावर एक मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

उलट बाजूला त्रास नसतानाही काढायलाच हव्यात अशा गोष्टी आहेत. कोलेडोकल सिस्ट, म्हणजे जन्मतः फुगलेली पित्तनलिका, त्यातली एक. पूर्वी ही पिशवी तशीच ठेवून आतड्याला जोडून देत. पित्त वाहू लागे, पण मागे राहिलेल्या अस्तरात वर्षांनंतर कर्करोग उगवे. म्हणून आता फुगलेला भाग पूर्ण काढतात. ज्यांची लहानपणी ती जुनी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी बरं वाटत असलं तरी एकदा तज्ज्ञांना दाखवावं. सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर ही गाठ बहुतांशी तरुण मुलींच्या स्वादुपिंडात सापडते. कधीकधी ती मुठीएवढी झालेली असते आणि घरचे हादरून जातात. पण ती हळू वाढते आणि पूर्ण काढली की बहुसंख्य मुली बऱ्या होतात. यकृतातला अ‍ॅडेनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींची कर्करोग नसलेली पण पुढे बिघडू शकणारी गाठ, पुरुषात असेल तर आकार न पाहता काढण्याकडे कल असतो. स्त्रियांमध्ये हार्मोनच्या गोळ्या थांबवून काही महिने पाहतात आणि तरीही तो पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा राहिला तर काढतात.

इन्सुलिनोमा सापडायलाच फार उशीर होतो. ही स्वादुपिंडातली बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि साधारण दहापैकी नऊ वेळा साधी, म्हणजे कर्करोग नसलेली, गाठ वाटेल तेव्हा इन्सुलिन सोडते. सकाळी उपाशीपोटी घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, कधी झटका, आणि काही गोड खाल्लं की सगळं ठीक. अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं अपस्माराचे किंवा मानसिक आजाराचे उपचार झालेले दिसतात. त्रास होत असतानाच साखर तपासली, ती ५५ मिलिग्रॅमच्या खाली निघाली आणि साखर दिल्यावर बरं वाटलं, तर पुढची पायरी म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली जास्तीत जास्त ७२ तासांचा उपवास. नलिकेपासून लांब असलेली गाठ नुसती सोलून काढता येते, स्वादुपिंड कापावं लागत नाही. बरोबर निदान झालेले बहुतेक रुग्ण गाठ निघाल्यावर पूर्ण बरे होतात.

बायोप्सी, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढणं, सरसकट करायची नसते. स्वादुपिंडातली काढता येण्याजोगी, चित्रांत स्पष्ट दिसणारी गाठ असेल तर थेट शस्त्रक्रिया करतात. केमोथेरपी आधी द्यायची असेल किंवा निदानच संशयास्पद असेल, तेव्हा तुकडा लागतो. यकृताच्या दाराशी असलेल्या पित्तनलिकेच्या कर्करोगात पोटाच्या त्वचेतून सुई घालून तुकडा घेतल्यास पेशी पसरण्याची भीती असते आणि काही केंद्रांत त्यामुळे प्रत्यारोपणाचा मार्गच बंद होतो. हायडॅटिड सिस्टची, म्हणजे एका परजीवी जंताने होणाऱ्या पाण्याच्या गाठीची, शंका असेल तर तयारीशिवाय सुई घालू नये. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि नव्या गाठी रुजतात. तिथे आधी अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध सुरू करतात. सुई कोण घालतो आहे आणि कुठून, हे सर्जनला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: कुणाच्या हाती

२००२ साली अमेरिकेतल्या वयस्क रुग्णांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी थोड्या करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के होतं आणि सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. यात एकट्या सर्जनचं कौशल्य नाही. रात्री दोन वाजता रक्तस्राव ओळखणारी परिचारिका, धमनीत नळी घालून तो थांबवणारा रेडिओलॉजिस्ट, यकृताच्या रुग्णांची सवय असलेले भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग, हे सगळे मिळून तो फरक पडतो.

म्हणून पहिल्या भेटीत संकोच न करता विचारा. अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात? माझ्याच आजाराच्या किती झाल्या? माझी चित्रं सर्जन, कर्करोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या एकत्र बैठकीत पाहिली गेली का? गुंतागुंत झाली तर रात्री कोण असतं? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही उत्तरच समजा.

पाचवी पायरी: ऑपरेशन समजून घ्या

सर्जनकडून कागदावर चित्र काढून घ्या: काय निघणार, काय राहणार, काय कशाला जोडणार.

कोलेडोकल सिस्टमध्ये पित्ताशय आणि फुगलेली नलिका काढून लहान आतड्याचा एक लांब पदर वर आणतात आणि यकृतातून येणाऱ्या नलिकेला जोडतात. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग एकत्र निघतो, कधी जठराचा थोडा भागही. मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याला करावे लागतात. बर्लिनमध्ये वॉल्टर काउश यांनी १९०९ साली असं ऑपरेशन केलं होतं, पण नाव पडलं ते १९३५ साली आपला अनुभव मांडणाऱ्या अ‍ॅलन व्हिपल यांचं. या तिन्हींतला स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाजूक. स्वादुपिंड मऊ आणि नलिका बारीक असेल तर तो गळण्याचा धोका वाढतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण साध्या, लहान गाठी असलेल्या तरुण रुग्णांत ही अडचण जास्त येते, कारण त्यांचं स्वादुपिंड निरोगी आणि लुसलुशीत असतं.

यकृताच्या दाराशी जिथे डावी-उजवी नलिका एकत्र येते, तिथल्या कर्करोगाला क्लॅट्स्किन ट्यूमर म्हणतात. इथे नलिकेबरोबर यकृताचाही मोठा भाग काढावा लागतो आणि कळीचा प्रश्न उरतो तो मागे किती यकृत राहणार याचा. सीटीवरून ते मोजतात. निरोगी यकृताचा निदान पाचवा ते चौथा हिस्सा, बऱ्याच केमोथेरपीनंतर सुमारे ३० टक्के आणि सिरोसिस (यकृत कडक, व्रणांनी भरलेलं होणं) असेल तर सुमारे ४० टक्के उरावा लागतो. तेवढा उरत नसेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात. रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि काही आठवड्यांत ती बाजू वाढते. हे आठवडे घरच्यांना फार जड जातात, ‘आजार वाढत असेल आणि आपण नुसते बसून आहोत’ असं वाटतं. पण अपुरं यकृत मागे ठेवून केलेलं ऑपरेशन त्याहून कितीतरी धोक्याचं. वाढ पुरेशी झाली का, हे पुन्हा सीटी करून पाहतात आणि मगच तारीख ठरते.

पोट उघडल्यावर आजार पसरलेला दिसला तर काय करणार, हे आधी बोलून ठेवा. कधीकधी काहीही न काढता पोट बंद करणं योग्य असतं. हे आधी ठाऊक असलं तर त्या दिवशी घरचे कोलमडत नाहीत.

सहावी पायरी: शरीर तयार करणं

तंबाखू आणि सिगारेट शक्यतो चार आठवडे आधी बंद, दारू पूर्ण बंद. रोज चालणं आणि फुंकायच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम. वजन उतरलं असेल तर आहारतज्ज्ञाकडून प्रथिनांचं प्रमाण ठरवून घ्या. कावीळ असेल तर रक्त गोठण्याची तपासणी आणि गरजेनुसार व्हिटॅमिन के, कारण पित्त आतड्यात पोहोचत नसेल तर ते शोषलं जात नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं आणि घरगुती काढे यांची पूर्ण यादी भूलतज्ज्ञांना दाखवा, काढे लपवू नका.

स्वादुपिंडाच्या शेपटीकडचं ऑपरेशन असेल तर प्लीहाही काढावी लागू शकते. तसं असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंविरुद्धच्या लसी निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात. हे शेवटच्या क्षणी आठवलं तर उशीर झालेला असतो.

सातवी पायरी: रुग्णालयातले दिवस

शुद्धीवर आल्यावर पोटातून एक-दोन नळ्या निघालेल्या दिसतील. त्यांना ड्रेन म्हणतात. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर त्यातल्या पाण्यात अमायलेज हा स्वादुपिंडाचा पाचकरस रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त असेल, तर स्वादुपिंडाचा रस गळतो आहे असा संशय घेतात. पाण्यात बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा तिप्पट असेल तर पित्त गळत असतं. अशी बरीच गळती नळी थोडे दिवस जास्त ठेवून आपोआप भरून येते. नळी जास्त दिवस राहिली म्हणजे ऑपरेशन फसलं, असा अर्थ काढू नका.

व्हिपलनंतर जठर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही नीट हलत नाही. उलट्या होतात, नाकातून नळी ठेवावी लागते. रुग्ण निराश होतो. बहुतेक वेळा हे आपसूक सुटतं.

एक गोष्ट मात्र जवळ बसणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. काही दिवसांनी ड्रेनमध्ये अचानक ताजं लाल रक्त दिसलं, रक्ताची उलटी झाली किंवा शी काळी झाली, तर ते थोडं असलं आणि थांबलं असलं तरी लगेच सांगायचं. गळलेल्या स्वादुपिंडाच्या रसाने धमनीची भिंत कमकुवत झाली असेल तर पहिला छोटा स्राव हा मोठ्या स्रावाची पूर्वसूचना असतो. घरी गेल्यानंतरही हाच नियम, तिथून थेट मोठ्या रुग्णालयात.

आठवी पायरी: घरी आणि पुढची वर्षं

पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हातात घेऊन तो समजून घ्या. काढलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, लसिका ग्रंथी किती तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, आजाराचं अंतिम नाव काय. पित्तनलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. कर्करोगतज्ज्ञांची भेट जखम भरण्याच्या काळातच ठरवून ठेवावी.

स्वादुपिंडाचा भाग गेल्यावर शी तेलकट, पाण्यावर तरंगणारी, उग्र वासाची होत असेल आणि खाऊनही वजन उतरत असेल, तर पाचकरस कमी पडतो आहे. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. मोठ्या माणसांत मुख्य जेवणाला बहुधा २५,००० ते ५०,००० युनिट लायपेजपासून (चरबी पचवणाऱ्या एन्झाइमपासून) सुरुवात करतात. त्या जेवणानंतर किंवा उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर, आणि एकाहून जास्त असतील तर जेवणभर विभागून घ्यायच्या. चावायच्या नाहीत. ‘गोळ्यांचा उपयोग होत नाही’ असं सांगणाऱ्याला आधी त्या कधी घेता हे विचारावं. ए, डी, ई आणि के या जीवनसत्त्वांची पातळी तपासत राहावी, साखरही, कारण मधुमेह उशिरा डोकावू शकतो. प्लीहा काढलेल्या माणसाने ताप कधीही अंगावर काढू नये.

आतड्याला नलिका जोडलेल्या प्रत्येकाने थंडी वाजून आलेल्या तापाचं कारण शोधून घ्यावं. जोड अरुंद होत असल्याची ती खूण असू शकते आणि ती ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही येते. कोलेडोकल सिस्ट काढलेल्यांची तपासणी आयुष्यभर चालते. लहानपणी ऑपरेशन झालेलं मूल मोठं होतं, शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जातं, आणि हा भाग नेमका तिथे सुटतो. त्याला वयात येताना त्याच्या शरीरात काय बदललं आहे, हे आई-वडिलांनी स्वतः समजावून सांगावं.

शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या आणि तिची प्रत फोनमध्येही ठेवा. नेहमीच्या डिस्चार्ज कार्डवरच्या चार ओळी पुरेशा नाहीत. आतड्याचा पदर वर नेलेला असेल तर साध्या एंडोस्कोपीने पित्तनलिकेपर्यंत पोहोचता येत नाही. वेगळी दुर्बीण किंवा यकृतातून सुईने जाण्याचा मार्ग लागतो. दहा वर्षांनी अनोळखी ठिकाणी, मध्यरात्री ताप घेऊन दाखल झालात, तर तिथल्या डॉक्टरला कोणत्या वाटेने जायचं हे त्या नोंदीवरून पहिल्या दहा मिनिटांत कळेल.